हरणाऱ्यांचे भाट

जिंकणाऱ्याला भाटांची वाण कधीच पडत नाही. त्याच्या दारी कवी आपण होऊन येतात आणि बिदागी घेऊन जातात. हरणाऱ्यासाठी मात्र जो लेखणी उचलतो तो केवळ प्रेमापोटी उचलतो. 'भाऊसाहेबांची बखर' विजयाची नव्हे, पानिपतची आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. असेच एक पराभवाचे वाङ्मय अमेरिकेत निर्माण झाले आहे. ते रणांगणाचे नव्हे, बेसबॉलच्या मैदानाचे आहे. आणि त्याचे कर्ते बव्हंशी त्या खेळाचे साधे शौकीन आहेत.

बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ समजावा. एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने दांडू चालवावा. तीनदा चुकला की गडी बाद, तीन गडी बाद झाले की डाव पलटतो, आणि असे नऊ-नऊ डाव. नातेही अगदीच लांबचे नाही. बेसबॉलचा धावफलक वर्तमानपत्रात छापण्याची पद्धत ज्याने रूढ केली तो हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला आणि क्रिकेटची वार्तापत्रे लिहून हात तयार झालेला गृहस्थ होता. त्याच्यामुळे अमेरिकेत प्रेक्षकही पेन्सील-कागद घेऊन मैदानावर जाऊ लागला आणि प्रत्येक चेंडूची नोंद स्वतःच करू लागला. खेळ पाहणारा माणूस लिहू लागला तो असा.

या वाङ्मयाचे आद्य काव्य ३ जून १८८८ रोजी 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर' या पत्रात आले. हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकलेल्या अर्नेस्ट थेयर नावाच्या तरुणाने ते 'फिन' या टोपणनावाने लिहिले. मानधन मिळाले पाच डॉलर. नाव 'केसी ॲट द बॅट'. मडव्हिल, म्हणजे आपण चिखलवाडी म्हणू, या काल्पनिक गावाचा संघ हरत आला आहे. सगळ्यांच्या आशा केसी नावाच्या महापुरुषावर. हा बहाद्दर दोन चेंडू ऐटीत सोडून देतो, तिसऱ्याला सारे बळ एकवटून दांडू फिरवतो आणि चुकतो! संपले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात डी वुल्फ हॉपर या नटाने न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ते म्हणून दाखवले, आणि पुढे जन्मभर हजारो वेळा म्हटले. केसीने षटकार मारला असता तर त्याला दुसऱ्या दिवशी कोणी विचारले नसते. तो चुकला म्हणून अमर झाला.

दुसरे उदाहरण १९१० चे. त्या काळी शिकागोच्या 'कब्ज' संघात टिंकर, एव्हर्स आणि चान्स असे तीन क्षेत्ररक्षक होते. चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या हाती जायचा आणि एका झटक्यात प्रतिपक्षाचे दोन गडी गारद व्हायचे. फ्रँकलिन ॲडम्स या सदरलेखकाने न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग मेल'मध्ये यावर आठ ओळींची कविता लिहिली. ती लिहिली मात्र हरलेल्या न्यूयॉर्कच्या शौकिनाच्या तोंडून, जवळजवळ विलापिकेच्या सुरात. गंमत अशी की टिंकर आणि एव्हर्स यांचे आपापसात भांडण होते आणि वर्षानुवर्षे ते एकमेकांशी बोलतही नसत. पण कवितेने तिघांची नावे अशी ओवली की १९४६ साली त्यांना बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात एकदमच प्रवेश मिळाला. त्यात त्या आठ ओळींचा वाटा मोठा, असे पुष्कळांचे मत आहे.

पण या वाङ्मयाचे खरे माहेरघर म्हणजे ब्रूकलिन. १८९८ च्या आरंभापर्यंत हे स्वतंत्र शहर होते. मग न्यूयॉर्कने त्याला पोटात घेतले. नगरपालिका गेली, नगराध्यक्ष गेला, पण एक गोष्ट उरली. ती म्हणजे ब्रूकलिनचे नाव छातीवर मिरवणारा बेसबॉलचा संघ. त्याचे नाव 'डॉजर्स', म्हणजे हुलकावणी देणारे. रस्त्यात ट्रामगाड्यांना हुलकावण्या देत चालणाऱ्या ब्रूकलिनकरांची कोणी तरी थट्टा केली, आणि त्यांनी तीच बिरुदासारखी लावून घेतली! या संघाचे मैदान 'एबेट्स फील्ड' १९१३ साली उघडले. तिथे हिल्डा चेस्टर नावाची बाई गाईच्या गळ्यातली घंटा वाजवीत बसे. हौशी वादकांचे एक बेसूर पथक होते. पंच मैदानात उतरले की ते 'तीन आंधळे उंदीर' या बालगीताची चाल वाजवी.

संघ मात्र ऐन वेळी कच खाई. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वर्षी तो वर्ल्ड सीरीजच्या अंतिम झुंजीपर्यंत पोचला आणि पाचही वेळा शेजारच्याच यांकीज या धनाढ्य संघाकडून हरला. लोक त्यांना लाडाने 'बम्स', म्हणजे भणंग म्हणत. विलर्ड मलिन या व्यंगचित्रकाराने एका टॅक्सीवाल्याच्या तोंडून हा शब्द ऐकला आणि फाटक्या कपड्यांतला एक भणंग रेखाटला. तोच पुढे साऱ्या संघाचे प्रतीक झाला. दर शरदात, पराभवानंतर, ब्रूकलिनकर एकच वाक्य म्हणत : 'पुढच्या वर्षी बघू!' गणपती पोचवून रिकाम्या पाटाने घरी परतणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही.

१९४७ साली याच संघाने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवले आणि विसाव्या शतकातील मोठ्या संघांतली वर्णाची भिंत पहिल्यांदा फोडली. शिव्या, धमक्या, अंगावर फेकलेले चेंडू, सगळे त्याने सोसले. दोनच वर्षांनी बडी जॉन्सन या कृष्णवर्णीय संगीतकाराने त्याच्या फटक्यावर एक गाणे रचले आणि काउंट बेसीच्या वाद्यवृंदानेही ते वाजवले. ज्यांना आजवर प्रेक्षकांतही वेगळे बसवले जाई, त्यांच्या घरात हा संघ आता गाण्यातून शिरला.

कवयित्री मेरियन मूर यांचीही गोष्ट अशीच गोड आहे. पुलित्झर पारितोषिक मिळालेली, विद्वत्तेसाठी नावाजलेली ही बाई ब्रूकलिनला राहत असे आणि डॉजर्सची भक्त होती. १९५६ च्या ऑक्टोबरात वर्ल्ड सीरीजच्या तोंडावर तिची कविता 'हेरल्ड ट्रिब्यून'ने छापली. चाल घेतली होती अंगाईची! तीत खेळाडूंची नावे एकामागून एक गुंफली होती, आणि गेल्या वर्षीसारखे याही वर्षी जिंका, असे आर्जव होते. कारण १९५५ साली तो 'पुढच्या वर्षी' अखेर उजाडला होता. ४ ऑक्टोबरला सातव्या आणि निर्णायक सामन्यात डॉजर्सनी यांकीजना २-० असे हरवले होते. मूरबाईंची अंगाई मात्र फळली नाही. १९५६ साली यांकीजच पुन्हा जिंकले.

या सगळ्या भाटांत सर्वांत लहान होती ती एक सहा वर्षांची मुलगी. डोरिस कर्न्स तिचे नाव. घर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. १९४९ साली वडिलांनी तिला एक लाल वही आणून दिली आणि सामन्याची नोंद कशी ठेवायची ते शिकवले. वडील दिवसा कामावर जात. पोरगी दुपारी रेडिओला कान लावून प्रत्येक चेंडू वहीत टिपून ठेवी आणि संध्याकाळी वडील आले की सारा सामना पहिल्यापासून सांगे. सुरुवातीला तिला धीर नसे. बाबा दारात दिसताच 'जिंकलो!' किंवा 'हरलो!' असे ती ओरडून मोकळी होई. मग तिच्या ध्यानात आले की शेवट आधी सांगितला तर गोष्टीतली मजाच जाते. आरंभ, मध्य आणि शेवट या क्रमाने सांगायचे, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा, हे ती तिथे शिकली. आणि आपण सांगितले नाही तर बाबांना सामन्याचे काहीच कळणार नाही, अशी तिची समजूत होती. तपशिलासकट सगळे उद्याच्या पेपरात छापून येते, हे त्या शहाण्या बापाने तिला सांगितलेच नाही!

तिच्या पहिल्या पापनिवेदनाची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. काय पाप केलेस, असे धर्मगुरूने विचारताच तिने कबूल केले की यांकीजच्या खेळाडूंचे हातपाय मोडावेत असे माझ्या मनात येते. धर्मगुरूने तिला समजावले की असा विजय काय कामाचा? आणि मग सांगितले की मीही डॉजर्सचाच आहे. एक दिवस ते सरळ खेळून जिंकतील.

पुढे १९५७ चा हंगाम संपला आणि मालक वॉल्टर ओमॅली संघ घेऊन थेट लॉस एंजेल्सला निघून गेला. २४ सप्टेंबरच्या अखेरच्या सामन्याला सात हजारही माणसे नव्हती. १९६० साली एबेट्स फील्ड पाडायला सुरुवात झाली आणि तिथे राहत्या इमारती उभ्या राहिल्या. ब्रूकलिनच्या दोन पत्रकारांनी पुढे एकदा, शतकातली सर्वांत दुष्ट तीन माणसे कोण, हे वेगवेगळ्या कागदांवर लिहिले, तेव्हा दोन्ही कागदांवर हिटलर, स्टालिन आणि ओमॅली हीच नावे निघाली, असे सांगतात.

शहर गेले होते, आता संघही गेला. मग उरले काय? शौकिनांनी लिहिलेले उरले. एबेट्स फील्डच्या परिसरात वाढलेला आणि पुढे त्या संघाची वार्तापत्रे लिहिणारा रॉजर कान खेळ सोडलेल्या, वयस्क झालेल्या खेळाडूंच्या घरोघर गेला आणि १९७२ साली 'द बॉइज ऑफ समर' हे पुस्तक त्याने लिहिले. लाल वहीवाली डोरिस मोठेपणी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नामांकित चरित्रकार झाली. डोरिस कर्न्स गुडविन या नावाने तिला १९९५ साली इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. दोन वर्षांनी तिने बालपणाच्या आठवणी लिहिल्या. पुस्तकाचे नाव तेच, 'पुढच्या वर्षी बघू'. इतिहास सांगायला आपण त्या वहीपासून शिकलो, असे ती सांगत आली आहे.

ही लेखणी पुस्तकी माणसांच्याच हाती राहिली असेही नाही. १९६२ साली न्यूयॉर्कला 'मेट्स' हा नवा संघ मिळाला. पहिल्याच वर्षी त्याने ४० सामने जिंकले आणि १२० हरले! पण पोरके झालेले शौकीन त्यालाच बिलगले. घरातल्या पलंगपोसांवर रंगाने मजकूर लिहून ते मैदानावर आणू लागले. व्यवस्थापकांनी आधी फलक हिसकावून घेतले. मग शहाणे होऊन १९६३ पासून फलकांचाच एक दिवस साजरा करायला सुरुवात केली. कार्ल एरहार्ट नावाचा एक प्रेक्षक तर प्रसंगागणिक मजकुराचे फलक तयार ठेवून येई. १९६९ साली मेट्स वर्ल्ड सीरीज जिंकले, तेव्हा त्याने जो फलक उंचावला त्यावर लिहिले होते : 'शब्दच नाहीत.'

सात वर्षे पराभवावर शब्द पुरले, आणि विजयाच्या घटकेला ते संपले! विजय सांगायला धावफलक पुरेसा असतो. पराभव मात्र कोणी तरी सांगावा लागतो, रात्री घरी आल्यावर, जवळच्या माणसाला, सुरुवातीपासून. त्यात आपले माणूस कुठे चुकले हे असते, आणि तरीही ते आपलेच कसे, हेही असते. दिवाळीच्या फराळाभोवती घराघरांत ज्या गोष्टी निघतात, आजोबांचा बुडालेला धंदा, मामाची हुकलेली परीक्षा, त्या याच जातीच्या. कीर्तिमंदिरे जिंकणाऱ्यांसाठी बांधली जातात. हरणाऱ्यांना जागा मिळते ती सांगणाऱ्याच्या वहीत; आणि एबेट्स फील्ड पडून इतकी वर्षे झाली तरी त्या लाल वहीतला सामना अजून चालू आहे.