दृष्टिचाचणीचे संगणकीय खेळ
शाळकरी मुलांतील दृष्टिदोष प्राथमिक चाळणीत हेरण्यासाठी पडद्यावर खेळवले जाणारे खेळ. डच नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आणलेला अक्षरतक्ता आजही प्रमाण मानतात. पण शाळेत रांगेतले मूल पुढच्याचे ऐकून ओळी पाठ करते. खेळात चिन्हाची दिशा दर वेळी बदलते. इंग्रजी ‘ई’चे तोंड चारपैकी कुठे आहे, हे अंदाजाने एकदा बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के, सलग चारदा मात्र २५६ मध्ये १. खेळाचे बळ रंजनापेक्षा या पुनरावृत्तीत आहे. मूल न कंटाळता फेऱ्या खेळते, एवढेच रंजनाचे काम. (बोटांच्या फटीतून बघणाऱ्याला मात्र डोळ्यावर पट्टीच हवी.)

सर्वांत वजनदार आक्षेप अंतराचा. पडद्याशी नाक लावून खेळणाऱ्या लघुदृष्टीच्या मुलाला जवळचे स्वच्छ दिसते आणि ते चाळणीतून निसटते. शिवाय ६/६ दृष्टीच्या चिन्हातील फट ४० सेंमी.वर जेमतेम ०.१२ मिमी. भरते, साध्या मॉनिटरचा एक ठिपकाही त्याहून मोठा असतो. ३ मी.वर तीच फट ०.८७ मिमी. होते व नीट रेखता येते. तेव्हा मुलाला लांब बसवून हातात कळफलक देणे हाच उपाय. दीर्घदृष्टीचे मूल नेत्रभिंगावर ताण देऊन उत्तीर्ण होऊ शकते, हेही खरे. पण तक्त्यातही ते असेच सुटते. मंददृष्टीवरील उपचारांना सातव्या वर्षाआधी अधिक गुण येतो, म्हणून अक्षरओळख नसलेल्या मुलांनाही चालणारी चाचणी मोलाची. चष्म्याचा नंबर मात्र खेळातून ठरत नाही. त्यासाठी डोळ्यांत औषध घालून केलेली तपासणी लागते.