वकीलपत्र आणि विश्वास

‘हा माणूस गुन्हेगार आहे हे माहीत असूनही तुम्ही त्याची बाजू मांडता तरी कशी?’ फौजदारी कामे करणाऱ्या वकिलाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या प्रवासात, कधी कधी घरातसुद्धा. विचारणाऱ्याच्या मनात राग असतो आणि तो राग खोटा नसतो. आज या प्रश्नाचा विचार मी आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातून करणार आहे. शंभर वर्षांच्या अंतराने हा प्रश्न नगरकरांपुढे दोनदा उभा राहिला, एकदा १९१६ साली आणि पुन्हा २०१६ साली. दोन्ही वेळी त्याचा चेहरा मात्र अगदी वेगळा होता.

मंडालेचा तुरुंगवास संपवून लोकमान्य टिळक १९१४ साली परतले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीगची स्थापना झाली आणि १ मे रोजी टिळकांनी तेथे भाषण केले. महिनाभराने ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. ३१ मे आणि १ जून अशा लागोपाठ दोन दिवशी त्यांची येथे भाषणे झाली. विषय स्वराज्याचा, भाषा मराठी आणि दृष्टान्त रोजच्या व्यवहारातले. नगरकर ऐकत होते आणि सरकारची माणसे शब्द न् शब्द टिपून घेत होती.

२३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात सत्कार झाला, लोकांनी एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. त्याच सुमारास सरकारचीही भेट आली, नोटिशीच्या रूपाने. एक वर्षभर नीट वागण्याबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार तुमच्याकडून का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, असे तीत म्हटले होते. आधार तीन भाषणांचा होता, एक बेळगावचे आणि दोन आपल्या नगरची. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी ऑगस्टमध्ये निकाल टिळकांच्या विरुद्ध दिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. टिळकांच्या वतीने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना.

आता जरा थांबून विचार करू. राजद्रोहाच्या कलमाचा सारा भर ‘अप्रीती’ या शब्दावर होता. सरकारविषयी लोकांच्या मनात अप्रीती निर्माण करणे हा गुन्हा. आणि टिळकांच्या मनात इंग्रज सरकारविषयी तसूभरही प्रीती नव्हती, हे नगरच्या बाजारातल्या पोरालाही ठाऊक होते. सरकारला ठाऊक होते, न्यायमूर्तींना ठाऊक होते आणि जीनांनाही ठाऊक असणारच. अशिलाचे मन निर्मळ आहे अशी खात्री पटल्यावरच वकिलाने उभे राहायचे असा नियम असता, तर टिळकांची बाजू घ्यायला कोण पुढे आले असते?

जीनांनी टिळकांच्या मनाची ग्वाही दिलीच नाही. भाषणे सबंध वाचा, सुटी वाक्ये वेचून काढू नका, ही टीका राज्यकारभाराच्या पद्धतीवर आहे, अशी त्यांची मांडणी होती. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषणांचा एकंदर परिणाम काय होतो हे पाहिले पाहिजे, या कसोटीवर त्यांनी निकाल दिला. टिळकांच्या पोटात काय होते हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता. टिपून घेतलेल्या शब्दांवरून कायद्यातला गुन्हा शाबीत होतो का, एवढाच प्रश्न होता. वकिलाचे काम त्या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

टिळक आणि कोर्ट यांची ही पहिली गाठ नव्हती. १८९७ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. अटकेनंतर सुरुवातीला जामीन मिळत नव्हता. अखेर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. जामिनासाठी युक्तिवाद करणाऱ्या बॅरिस्टरांचे नाव होते दिनशा दावर. पुढे त्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. अकरा वर्षांनी, १९०८ साली, टिळकांवर दुसरा खटला भरला गेला. या वेळी जामिनाचा अर्ज घेऊन जीना उभे राहिले आणि न्यायासनावर बसले होते तेच दावर. स्वतः ज्या माणसासाठी, तशाच आरोपात त्यांनी जामीन मागितला आणि मिळवला होता, त्यालाच त्यांनी आता जामीन नाकारला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवल्यावर दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली आणि कठोर शब्दांत त्यांची निर्भर्त्सनाही केली.

यावरून दावरांना दुटप्पी म्हणण्याचा मोह होतो. न्यायाधीश म्हणून त्यांनी जे केले त्यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण वकील दावरांनी १८९७ साली काही चूक केली, असे कोणी म्हणणार नाही. टिळकांच्या विचारांवर त्यांचा विश्वास असो वा नसो, त्यांचा युक्तिवाद टिळकांच्या उपयोगी पडला. तुरुंगातून बाहेर येऊन खटल्याची तयारी करायला टिळकांना त्यामुळे सवड मिळाली. वकिलाच्या विश्वासावर अवलंबून राहायची वेळ आली असती, तर ती सवडही मिळाली नसती.

जीनांचीही गोष्ट अशीच आहे. १९०८ साली बचावाची दिशा काय असावी यावर त्यांचे आणि टिळकांचे एकमत झाले नव्हते, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. वकील म्हणून मला जे अशिलाच्या हिताचे वाटेल तेच मी मांडीन, असा त्यांचा आग्रह होता. शेवटी १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली आणि सुमारे एकवीस तास भाषण केले. ते भाषण इतिहासात अमर झाले, पण शिक्षा टळली नाही. १९१६ साली बाजू वकिलाने मांडली आणि टिळक सुटले. ज्यूरीही नव्हती आणि काळही पालटला होता, हे खरे. तरीही अशिलापासून थोडे अंतर राखून उभा असलेला वकील काय करू शकतो, हे त्यातून दिसते.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे शाळेत शिकणाऱ्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा निर्घृण खून करण्यात आला. सारा महाराष्ट्र हादरला. लाखो माणसे एक शब्दही न उच्चारता रस्त्यावर चालली. ‘या आरोपींचे वकीलपत्र कोणी घेऊच नये’ ही भावना तेव्हा अनेकांच्या मनात होती. ज्याच्या घरात लेक आहे त्याला ती भावना समजावून सांगावी लागत नाही.

खटला अहमदनगरच्या सत्र न्यायालयात चालला. सरकारतर्फे उज्ज्वल निकम उभे होते. आरोपींनाही वकील होते. त्यांनी उलटतपासणी घेतली, युक्तिवाद केला, हरकती नोंदवल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघेही दोषी ठरले आणि २९ नोव्हेंबरला तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. मग या वकिलांनी नेमके काय साधले? त्यांनी पुरावा तावून सुलाखून घेतला. उलट बाजूने कसून तपासल्यावरही जो टिकतो, तोच पुरावा वरच्या कोर्टात उभा राहतो. दिल्लीत १९९७ साली बसमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यात आरोपीला वकिलाची पुरेशी मदत मिळाली नव्हती. त्याला झालेली फाशी त्या कारणाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही आणि खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागला. म्हणजे आरोपीला वकील न मिळू देणारा समाज अखेर पीडितांच्याच कुटुंबाला पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

कायद्याने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला. ऐपत नसलेल्याला मोफत कायदेशीर मदत देण्याचे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९ अ म्हणून आले. आज जिल्ह्याजिल्ह्यांत विधी सेवा प्राधिकरणे आहेत ती त्याच वाटेने. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम तर आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये असे कायदा सांगतो, हा त्या नियमाचा आशय. अमक्याचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे वकील संघटनांनी केलेले ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले.

याचा अर्थ वकिलाने काहीही करावे असा नाही. अशिलाने एकांतात सांगितलेले गुपित त्याने फोडायचे नाही, पण अशिलाच्या सोयीसाठी गैरमार्गही वापरायचा नाही आणि अशिलाला वापरू द्यायचा नाही. ‘सरकारने गुन्हा शाबीत करावा’ असे म्हणणे वेगळे आणि खोटा साक्षीदार उभा करणे वेगळे. पहिला वकिलाचा धर्म, दुसरा गुन्हा.

हे सारे कशासाठी, याची दोन उदाहरणे देतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर कसाबचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असे मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने ठरवले होते. न्यायालयाने त्याला वकील नेमून दिला. कसाबला फाशी झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले. ते निर्दोष सुटले आणि त्यांची सुटकाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. त्यांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांचा फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून खून झाला. अशिलाची सुटका पाहायला ते उरले नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिकचे. २००३ साली तेथे एका कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले, अत्याचार झाले. भटक्या समाजातील सहा गरीब मजुरांना त्यात फाशीची शिक्षा झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये फेरविचारात सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, हे रेकॉर्डवर होते. तोवर सोळा वर्षे गेली होती. या सहा जणांविषयी लोकांची खात्री कोपर्डीइतकीच पक्की असेल, नाही का?

‘पण वकिलांच्या हुशारीने खरे गुन्हेगारही सुटतात त्याचे काय?’ हा प्रश्न उरतोच आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. त्या खटल्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे कोपर्डीचा निकाल लागला त्याच महिन्यात, सर्व आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाच्या आईबापांना न्याय मिळाला असे कोण म्हणेल? पण तेथे खटला ढासळला तो साक्षीदार फितूर झाल्यामुळे. साक्षीदाराला संरक्षण देणे, तपास वेळेवर आणि चोख करणे, गावाने दबावाखाली न येणे, ही कामे बचावाच्या वकिलाची नाहीत. ती पोलिसांची, सरकारची आणि तुमचीआमची आहेत. ती झाली नाहीत म्हणून आरोपीचा वकील काढून घेतला, तर खर्ड्याला न्याय मिळत नाही. फक्त नाशिकसारखी आणखी माणसे आत जातात.

म्हणून त्या पंगतीतल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. वकिलाने अशिलाच्या निर्दोषपणावर विश्वास ठेवला पाहिजे असे नाही. त्याचा विश्वास पुराव्याच्या कसोटीवर हवा. १९१६ साली नगरच्या दोन भाषणांपायी सरकारने टिळकांना बांधू पाहिले, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना त्यांच्या बाजूने वकील उभा राहिला याचा आनंदच झाला असेल. तो हक्क आपल्या आवडत्या माणसाला मिळतो तेव्हा गोड लागतो. ज्याचे नाव ऐकूनही संताप येतो त्यालाही तो मिळू द्यायचा, एवढाच या व्यवहारातला कठीण भाग आहे.