पोच : तुरुंगातून निघणाऱ्या अपिलाचा प्रवास



फौजदारी अपिलाची कागदपत्रं आता संगणकावरून दाखल करता येतात. ऐकणाऱ्याला वाटेल, ही वकिलांची सोय, आपल्याला त्याचं काय? पण आपण इंदिरानगरमध्ये बसलो आहोत. नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह इथून काही किलोमीटरवर. तिथल्या जन्मठेपेच्या कैद्याचं अपील मात्र चालतं मुंबईत, उच्च न्यायालयात. मधलं हे अंतर कागदाने कसं कापलं, तेवढाच आजचा विषय.

मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं १८६२ साली. पुढे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तुरुंगातल्या माणसासाठी एक वाट दिसते. त्याने आपला अर्ज आणि निकालाची प्रत तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती द्यायची, आणि अधिकाऱ्याने ती अपील न्यायालयाकडे पाठवायची. वकील नसला तरी दार बंद होऊ नये, हा हेतू. हेतू चांगलाच होता. मेख एकच : सोबत निकालाची प्रत हवी. आणि त्या संहितेत प्रत मिळायची ती आरोपीने अर्ज केल्यावर. ज्याला लिहिता येत नाही, त्याने अर्ज कसा करायचा?

१९७३ च्या संहितेने इथे मोठं पाऊल टाकलं. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत ताबडतोब आणि मोफत द्यायची, मागण्याची वाट पाहायची नाही. कागदावर प्रश्न सुटला.

प्रत्यक्षात काय झालं ते ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात दिसतं. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्ये शिक्षा वाढवली, आणि त्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोचला चार वर्षांहून अधिक उशिरा. का? तर कैदी म्हणतो, मला प्रत मिळालीच नाही. येरवड्याचे अधीक्षक म्हणतात, दिली. दिल्याची कैद्याच्या सहीची पोच मात्र नाही. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्र लिहिलं. अर्ज फेटाळला गेला, पण नियम घालून दिला : प्रत तुरुंगात आली की ती तातडीने कैद्याला द्या, त्याची लेखी पोच घ्या, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर कायदेशीर मदत पुरवा.

कोणी म्हणेल, शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस असतात आणि प्रत मिळवण्यात गेलेला वेळ कायदा वगळतो, मग बिघडलं काय? वगळतो, खरंय. पण तो मुदतीच्या हिशेबातून. माणसाच्या आयुष्यातून तो वेळ वगळला जात नाही. तो आत बसूनच काढावा लागतो.

आता संगणकाकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयात ई-फायलिंग २ ऑक्टोबर २००६ ला सुरू झालं. ई-कोर्ट्‌स प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ चा. तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने तर अपिलाचं कामकाजही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायला परवानगी दिली. हे स्वागतार्हच आहे. गठ्ठे बांधून मुंबईला जाणं, खिडकीशी उभं राहणं, एखादं पान गहाळ होणं, हे सगळं कमी होतं.

पण २०२१ चा जुलै आठवा. सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही आग्र्याच्या तुरुंगातले तेरा कैदी काही दिवस आतच राहिले, कारण आदेशाची प्रमाणित प्रत टपालाने यायची होती. त्यातून आदेश थेट तुरुंगात पाठवणारी ‘फास्टर’ ही यंत्रणा मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. म्हणजे न्यायालयापासून तुरुंगाच्या फाटकापर्यंतचा रस्ता झाला. फाटकापासून बराकीपर्यंतचा?

मराठीत ‘पोच’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, मिळाल्याची पावती. दुसरा, समज, ‘त्याला पोच नाही’ म्हणतो तो. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हे दोन्ही अर्थ वेगळे करता येत नाहीत. संगणक पहिली पोच सेकंदात देतो, वेळेच्या शिक्क्यासह. पण ती एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला दिलेली असते. कैद्याला उच्च न्यायालयाचा इंग्रजी निकाल मिळाला आणि त्यातलं अक्षर कळलं नाही, तर पोचलं काय? विशेष म्हणजे, आरोपीने मागितल्यास शक्य असेल तर त्याच्या भाषेत भाषांतर द्यावं, ही तरतूद १८९८ पासून कायद्यात आहे. ती काही संगणकाची वाट पाहत नव्हती.

सव्वाशे वर्षांत आपण वाट जलद केली. पण अर्ज आजही तुरुंगाधिकाऱ्याच्या हातूनच जातो. नव्या संहितेच्या कलम ४२४ मध्येही तेच आहे. म्हणून माझं मागणं साधं आहे. ई-फायलिंगच्या नोंदीत आणखी एक रकाना असावा : निकाल कैद्याला त्याच्या भाषेत कोणत्या तारखेला दिला, आणि त्याची सही किंवा अंगठा. तो रकाना रिकामा असेल तर संगणकाने न्यायालयाला तसं कळवावं. होसकोट प्रकरणात जे विचारावं लागलं, ते मग कोणाला विचारावं लागणार नाही.

आता प्रश्न घेऊ.