आर. एफ. सी. टिपणमाला

संगणक-जालाच्या रचनेविषयी अभियंत्यांनी परस्परांच्या विचारार्थ लिहिलेल्या क्रमांकित टिपणांची मालिका. ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ (अभिप्रायासाठी विनंती) या नावाचे हे संक्षिप्त रूप होय. इंटरनेटचे अनेक मूलभूत संकेत या मालिकेतून प्रसिद्ध झाले आहेत.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘अर्पा’ या संस्थेने उभारलेल्या ‘अर्पानेट’ या जालात १९६९ अखेर चार केंद्रे होती : कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस अँजेल्स व सँता बार्बरा येथील केंद्रे, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि यूटा विद्यापीठ. चारही ठिकाणचे संगणक भिन्न बनावटीचे असल्याने त्यांच्यातील देवाणघेवाण कोणत्या नियमांनी व्हावी, हा प्रश्न होता. त्याचा विचार मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केला. असे नियम ठरविण्याचा अधिकार त्यांना कोणी रीतसर दिलेला नव्हता. आपले लेखन आगाऊपणाचे वाटू नये, म्हणून लॉस अँजेल्सचे विद्यार्थी स्टीव्ह क्रॉकर यांनी टिपणांना हे नम्र नाव दिले. पहिले टिपण ७ एप्रिल १९६९ रोजीचे आहे.

त्याच महिन्यातील तिसऱ्या टिपणात लेखनाचे संकेत सांगितले आहेत. टिपण कोणीही लिहावे, ते एका वाक्याचेही चालेल आणि ते निर्दोष होईपर्यंत अडवून ठेवू नये, असा त्यांचा आशय आहे. लिखित मजकूर प्रमाण मानण्याची प्रवृत्ती व अपुरे लेखन पुढे ठेवण्याचा संकोच, हे दोन्ही दूर करणे हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे मतास लेखकाच्या पदावरून नव्हे, तर युक्तिवादावरून महत्त्व मिळू लागले.

प्रारंभी टिपणांच्या प्रती टपालाने जात. १९७१ मध्ये कानपूरच्या आय. आय. टी.चे पदवीधर अभय भूषण यांनी ११४ व्या टिपणात जालावरून संचिका पाठविण्याचा संकेत मांडला. पुढे टिपणेही याच पद्धतीने मिळू लागली. जॉन पोस्टेल यांनी १९९८ मध्ये निधन होईपर्यंत मालिकेचे संपादन केले. प्रसिद्ध झालेले टिपण बदलावयाचे नाही, सुधारणा नव्या क्रमांकाने करावयाची, असा येथील नियम आहे. परिणामी मागे पडलेल्या कल्पनाही नोंदलेल्या राहिल्या आणि निर्णय कसे घडत गेले, हे नव्या अभियंत्यांस अभ्यासता येते.

सप्टेंबर १९८१ मधील ७९१ व ७९३ या टिपणांत इंटरनेटचे आय. पी. व टी. सी. पी. हे संकेत आहेत. १९८६ मध्ये ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ची सुरुवात झाल्यानंतर मालिकेचे स्वरूप पालटले. चर्चा आता मसुद्यांच्या टप्प्यावरच होते आणि परीक्षणानंतर टिपण प्रसिद्ध होते. नाव अभिप्रायाच्या विनंतीचे असले, तरी पुष्कळ टिपणे प्रमाण नियमांप्रमाणे पाळली जातात. एका वाक्याचे कच्चे टिपण मात्र येथे आता येत नाही. मालिकेस पन्नास वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २०१९ मध्ये, टिपणांची संख्या आठ हजारांवर गेली होती. ती सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहेत.