अर्ध्या सेकंदाचा इतिहास

पॉवर प्रेसच्या कंट्रोलचे प्रोग्रॅम लिहिणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यात एक नियम दर वेळी येतो. ऑपरेटरने डावं आणि उजवं अशी दोन बटणं दाबायची. पहिलं दाबल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरं दाबलं गेलं, तरच रॅम खाली येईल. येताना एक जरी हात उचलला, तर रॅम थांबेल. आणि पुढच्या स्ट्रोकसाठी आधी दोन्ही बटणं सोडावी लागतील.

हे चार ओळींचं काम. पण मशीनला डोळे नसतात. हात डायमध्ये आहेत का, हे तिला दिसत नाही. ते बटणांवर आहेत, एवढंच कळतं. माणसाला हात दोनच, यावर सगळा हिशोब उभा आहे. हा हिशोब लोकांनी कसकसा चुकवला, हे त्या चार ओळी नीट वाचल्या की समजतं.

आधी प्रेस काय असते ते बघू. पत्रा कापून किंवा दाबून त्याला आकार देणारं हे मशीन. तुमच्या बाइकच्या कितीतरी भागांना असाच आकार मिळालेला असतो. मोटर एक जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, सतत फिरवत ठेवते. क्लच लागला की त्या चाकाची ताकद रॅमला मिळते आणि तो खालच्या डायवर येतो. जुन्या प्रेसवर क्लच लागायचा पायाच्या पेडलने. एका हाताने पत्रा ठेवायचा, दुसऱ्याने तयार जॉब काढायचा, पेडल मारायचं. दिवसभर हेच. हातापायाची लय एकदा चुकली, की बोट गेलं.

यावरचे जुने उपाय ऐकले तर अंगावर काटा येतो. एकात ऑपरेटरच्या मनगटांना पट्टे बांधून त्यांच्या दोऱ्या रॅमशी जोडत. रॅम खाली येताना दोऱ्या हात मागे खेचत. दुसऱ्यात एक दांडा डायसमोरून आडवा फिरून हात बाजूला ढकलायचा. केवळ या दांड्याच्या भरवशावर प्रेस चालवायला अमेरिकी नियमांनी १९७६च्या अखेरपर्यंतच मुभा ठेवली.

दोन बटणांची कल्पना त्यामानाने माणुसकीची होती. हात खेचू नका, ढकलू नका, त्यांना दुसरीकडे काम द्या. सुरुवातीची जोडणी अगदी साधी. दोन बटणं एकापुढे एक जोडलेली, दोन्ही दाबली तर सर्किट पूर्ण.

मग कोणीतरी एका बटणात पाचर ठोकली. किंवा चिकटपट्टी लावली. आता एक बटण कायमचं दाबलेलं, एक हात मोकळा.

इथे 'कामगारच बेफिकीर' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मजुरी नगावर ठरत असेल आणि दर नगाला सेकंदभर वाचत असेल, तर दिवसाअखेरीला ते पैसे होतात. मजुरी महिन्याची असली तरी सुपरवायझरच्या वहीत टार्गेट असतंच. पाचर ठोकणाऱ्याला धोका माहीत असतो. त्याला घाईही माहीत असते.

प्रत्येक युक्तीला एक उत्तर निघालं. पाचर ठोकतात? मग दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सुटली पाहिजेत. दाबून ठेवलेलं बटण धरलंच जाऊ नये म्हणून दोन्ही बटणं जवळजवळ एकाच वेळी दाबली पाहिजेत, फरक जास्तीत जास्त अर्ध्या सेकंदाचा. एकाच हाताच्या पंज्याने दोन्ही दाबतात? मग बटणांत किमान २६० मिलिमीटर अंतर. पंजा एकावर आणि त्याच हाताचं कोपर दुसऱ्यावर? मग ५५० मिलिमीटर. गुडघ्याने, पोटाने दाबतात? मग बटणाभोवती कडं, किंवा वर झाकण.

युरोपात १९९६ साली हे सारं ईएन ५७४ या मानकात एकत्र आलं. २००२ साली त्याच विषयावर आंतरराष्ट्रीय आयएसओ १३८५१ आलं, २०१९मध्ये ते सुधारलं गेलं. दोन हातांच्या कंट्रोलचे त्यात तीन प्रकार आहेत. अर्ध्या सेकंदाची अट फक्त तिसऱ्याला लागू आहे, आणि प्रेससारख्या मशीनला तोच लागतो.

तोवर कंट्रोल पॅनेलही बदललं होतं. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या जंजाळाऐवजी प्रोग्रॅम बदलता येईल असं कंट्रोलर हवं होतं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ बनवलं, आणि पीएलसीचं युग सुरू झालं. पण माणसाचा जीव सॉफ्टवेअरच्या हाती द्यायला लोक पुढे कित्येक वर्षं तयार नव्हते. ही शंका रास्तच होती. साध्या पीएलसीचं एखादं आउटपुट बिघडून चालूच राहिलं, तर ते कळणार कोणाला? म्हणून सुरक्षेपुरते वेगळे रिले राहिले. पुढे सेफ्टी पीएलसी आले. त्यात हिशोब दोनदा होतो आणि उत्तरं जुळली नाहीत, तर मशीन थांबतं. अमेरिकेच्या एनएफपीए ७९ या मानकाने २००२च्या आवृत्तीत अशा कंट्रोलरना वाट दिली.

पीएलसीओपन या संघटनेने २००६ साली सुरक्षेचे तयार फंक्शन ब्लॉक ठरवून दिले. त्यात दोन हातांच्या कंट्रोलचाही ब्लॉक आहे. तिसऱ्या प्रकाराच्या ब्लॉकमध्ये ५०० मिलिसेकंद हा आकडा कायमचा बसवलेला असतो. माझ्यासारख्याला तो बदलता येत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. ब्लॉक सुरू होताना एखादं बटण आधीच दाबलेलं असलं, तर तो थेट एरर दाखवतो. ती पहिली पाचर आज सॉफ्टवेअरमध्ये एरर कोड होऊन बसली आहे.

पण प्रोग्रॅम बिनचूक असला तरी बोट जाऊ शकतं, कारण बटण सोडून हात डायकडे धावू शकतो. यासाठी हिशोबात हाताचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात. बटण सोडल्यापासून रॅम थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर त्यात हात ३२० मिलिमीटर जातो. त्यात २५० मिळवायचे. म्हणजे बटणं डायपासून ५७० मिलिमीटरपेक्षा जवळ नकोत. ब्रेक झिजला, थांबायला ०.३ सेकंद लागू लागले, की अंतर ७३० हवं. बटणं मात्र जिथे बसवली तिथेच असतात.

आणि काही प्रेस मधेच थांबतच नाहीत. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये क्लच एकदा लागला, की पूर्ण फेरा होणारच. तिथे बटण सोडून काही उपयोग नाही. अशा प्रेसला चकचकीत दोन बटणं लावली, तर बटणं खूप लांब असल्याशिवाय तो देखावाच ठरतो.

मुळात हात डायमध्ये जावाच का? १९७१ साली अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेने हाच प्रश्न नियमात घातला होता. डायमध्ये हात नको, पत्रा दुसऱ्या मार्गाने आत जाऊ दे. १९७४च्या डिसेंबरमध्ये ती अट मागे घेतली गेली. हात डायमध्ये जात राहिले, आणि बटणांवरची जबाबदारी वाढली.

आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ने मशीनच्या धोकादायक भागांना आडोसा सक्तीचा केला. त्याच्याही आधी, १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याला जोडलेल्या, पुढे सुधारत गेलेल्या यादीत कमाईच्या क्षमतेचं नुकसान टक्क्यांत मांडलेलं आहे. अंगठा ३०. पूर्ण तर्जनी १४. मधलं बोट १२. एका हाताची चार बोटं ५०. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा नकळत स्वतःची बोटं मोजली होती.

ती यादी आजही लागते. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत बोटं गमावलेल्या कामगारांची त्यात नोंद असते, आणि पॉवर प्रेस त्यात पुन्हा पुन्हा येते. पाचर कोणी ठोकली, हा प्रश्न अशा वेळी लगेच विचारला जातो. ब्रेक शेवटचा कधी तपासला, बटणं कोणी काढून पेडल लावलं, टार्गेट कोणी ठरवलं, हे सहसा नंतर विचारतात. कधी विचारतही नाहीत.

म्हणून नवीन प्रेसचं काम आलं, की मी पहिल्यांदा विचारतो, या प्रेसवर माणसं किती असतात? दोन बटणं फक्त ती दाबणाऱ्याचे हात बांधून ठेवतात. समोरून जॉब काढणाऱ्या हेल्परचे हात मोकळेच असतात, आणि प्रोग्रॅमच्या लेखी तो तिथे नसतोच. त्याला त्याची वेगळी दोन बटणं द्यावी लागतात आणि चारही दाबल्याशिवाय रॅम हलता कामा नये. खर्च थोडा वाढतो, स्ट्रोक थोडे कमी होतात. 'हेल्पर कधीमधीच असतो हो,' असं उत्तर आलं, की मी चार बटणांचंच ड्रॉइंग काढतो.