वस्तादांचे शरीरशास्त्र

धारवाडकडे मराठी माणूस जिला 'तालीम' म्हणतो, तिलाच कानडी शेजारी 'गरडीमने' म्हणतो. शब्द दोन, माती एकच. या मातीचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा जोडी, इनामे आणि गदा यांपाशीच थांबते. वस्तादांचे ज्ञान कागदावर येत नाही. त्यांनी ते लिहिले नाही, पोरांच्या अंगात मुरवले.

माझ्या उमेदीच्या काळात इथल्या तालमींतून दोन आज्ञा हमखास कानी पडत. 'पकड सारखी आवळून धरू नको, मध्ये ढील दे,' ही एक. 'लढत झाली की लगेच बसू नको, फेऱ्या मार,' ही दुसरी. आम्हांला ती नुसती शिस्त वाटे. कारण पुढे शरीरशास्त्राच्या पुस्तकांत सापडले.

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलते. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंना मिळतो. जबर मेहनतीत हा ओघ 20 लिटरांवर जातो आणि त्यातले चार-पंचमांश रक्त स्नायूंकडे वळते. अशा वेळी स्नायूंतल्या मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात, या शोधासाठी डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना 1920 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण स्नायू आवळूनच धरला, तर तो आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. बारक्रॉफ्ट आणि मिलेन यांनी 1939 मध्ये पोटरीवरील प्रयोगांतून हे दाखवले. प्राणवायू तुटतो, हात भरून येतो, पकड सुटते. क्षणभर ढील दिली की रक्त पुन्हा धावते. बैठका शेकड्यांनी निघतात त्यामागेही हेच आहे: दर बैठकीला मांड्या आवळतात आणि सुटतात.

फेऱ्यांचेही तसेच. चालताना पोटऱ्या रक्त वर हृदयाकडे लोटतात, भोवळ टळते. मेहनतीत साचलेले लॅक्टेटही बसून राहण्यापेक्षा लवकर ओसरते.

वस्तादांचे सारेच बरोबर होते असे नाही. मालिशने रक्त खेळते, असे ते म्हणत. मालिशने दुखणे थोडे हलके होते. पण स्नायूंतला रक्तप्रवाह तिने फारसा वाढत नाही, असे अलीकडची मोजमापे सांगतात.

खरे-खोटे असे निवडायचे, तर आधी ते टिपून ठेवलेले हवे. धारवाड 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. त्या राजवटीची दप्तरे शोधली तर सापडतील. तालमींचे दप्तर म्हणजे म्हाताऱ्या पैलवानांची तोंडे. ती मिटण्याआधी कोणीतरी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले पाहिजे; मग ती वही मराठीत भरो की कानडीत.