फोर्कलिफ्ट उलटताना उडी मारणे जिवावर का बेतते?

गोदामात पॅलेटवरचा माल उचलून उंच रॅकवर ठेवणारी फोर्कलिफ्ट भिवंडीपासून चाकणपर्यंत सगळीकडे दिसते. ती मोटारीपेक्षा लहान वाटते, पण अडीच टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजनच साधारण साडेतीन ते चार टन असते.

अमेरिकेतील 'नायॉश' या सरकारी संस्थेने तिथल्या १९८० ते १९९४ या काळातील फोर्कलिफ्टशी संबंधित १,०२१ मृत्यूंची नोंद केली. त्यांपैकी २२ टक्के मृत्यू फोर्कलिफ्ट उलटून, तर २० टक्के पायी चालणाऱ्या कामगाराला धडक बसून झाले होते.

फोर्कलिफ्ट का उलटते?

चाके चार असली, तरी तिचा तोल तीन बिंदूंवर असतो : पुढची दोन चाके आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य. गाडी आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की ती कलंडते. माल जितका उंच, तितका हा धोका जास्त. म्हणूनच माल उंच धरून वेगात वळणे सर्वांत घातक ठरते. रिकामी फोर्कलिफ्टही अशा वळणावर उलटू शकते. चालवताना फोर्क जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवरच ठेवावेत.

उडी का मारू नये?

गाडी कलंडू लागली की चालक घाबरून बाहेर उडी मारतो. पण तो बहुतेकदा ज्या बाजूला पडतो, त्याच बाजूला गाडीही येते आणि डोक्यावरच्या संरक्षक छताखाली तो चिरडला जातो. त्यामुळे बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये सीटबेल्ट लावलेला असावा. गाडी उलटू लागल्यास स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि गाडी पडते त्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे. मागून चढायच्या, उभ्याने चालवायच्या फोर्कलिफ्टसाठी नियम वेगळा आहे : तिथे मागच्या बाजूने बाहेर पडावे.

पायी काम करणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

फोर्कलिफ्टची मागची चाके वळतात, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग झटकन बाहेर येतो. तिच्या मागे किंवा बाजूला उभे राहू नये. उचललेल्या मालाखालून कधीही जाऊ नये. समोरचा माल चालकाची नजर अडवतो, म्हणून जवळ जाण्याआधी त्याच्याशी नजरानजर झाल्याची खात्री करावी.

चालण्याची वाट पट्टे ओढून किंवा कठडे लावून वेगळी करणे आणि प्रशिक्षित चालकाच्याच हाती किल्ली देणे ही मात्र मालकाची जबाबदारी आहे.